ज्वारीवर ज्वारी

दीनाबाई भिंगारदिवे हळू बोलायला कधी शिकलीच नाही. सवड कुठं होती? एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन आली ती सरळ नवऱ्याच्या पिठाच्या गिरणीत. तिथं दहा हॉर्सपॉवरची मोटर धडधडायची, वरून पट्टा फटफटायचा, आणि त्या आवाजाच्या डोक्यावरून उडी मारून जाईल असं बोलावं लागायचं. पंचेचाळीस वर्षं तिनं तसंच बोलून काढली. नवरा शांतवन देवाघरी गेला, लेक स्टेला पुण्याला दवाखान्यात नर्स झाली, घरात चार भिंती आणि एक पाल उरली, तरी बाई एकटी चहा प्यायला बसली की घसा ताणून म्हणायची, "साखर कमी पडली गं!" कुणाला, ते तिचं तिलाच ठाऊक.

फोनवर बोलताना स्टेला मोबाईल कानापासून वीतभर लांब धरायची.

"आई, फोन आहे ना हातात? मग पुण्यापर्यंत ओरडायचं नाही."

"वरडले न्हाई तर एवढ्या लांब जाईल का?" दीनाबाई विचारायची. आणि तिला ते खरंच वाटायचं.

पिंपळदरा हे गाव जामखेडहून एसटीनं पाऊण तासावर. स्टँडवर उतरलं की उजव्या हाताला पत्र्याची गिरण, आणि गिरणीमागं वीस पावलांवर दीनाबाईचं दोन खोल्यांचं घर. गिरणीच्या दारात एक लांब लाकडी बाकडं. त्या बाकड्यावरच दीनाबाईचा सगळा संसार होता म्हटलं तरी चालेल.

आता गिरणीचा एक कायदा असतो. तो कुठल्या पुस्तकात नाही, पण पाळतात सगळे. कितीही झाडलं तरी दगडात मागच्या माणसाचं मूठ-दोन मूठ पीठ राहतंच. बाजरीवर गहू टाकला की पोळी काळी पडते, डाळीवर ज्वारी टाकली की भाकरी पिवळी. म्हणून ज्वारीवर ज्वारी, गव्हावर गहू. तुमच्या डब्यात ज्वारी आहे आणि आत बाजरी चालू आहे, तर तुम्ही बाकड्यावर बसायचं आणि आणखी एखादी ज्वारीवाली यायची वाट बघायची. बसलं की बोलणं आलंच. गावातल्या निम्म्या सोयरिकी त्या बाकड्यावर जमल्या. दोन-चार मोडल्याही. आणि दोन घरांचं कितीही वाकडं असलं, तरी एकीची मूठ दुसरीच्या भाकरीत जायचीच. त्याला इलाज नव्हता.

दीनाबाई ख्रिस्ती, रविवारी देवळात उपासनेला जाणारी. तिच्या घरी एकादशी ना चतुर्थी. पण गावाचे उपास तिला पाठ होते. एकादशीच्या आदल्या सांजेला ती दगड उघडायची, कुंच्यानं झाडायची, फडक्यानं पुसायची, आणि सकाळचं पहिलं दळण भगरीचं आणि राजगिऱ्याचं काढायची. "दीनाबाईनं दळलं की उपास बाधत न्हाई," असं बाया म्हणायच्या. पाळकसाहेबांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते नुसते हसले.

ही सगळी रांग मोडली ती उन्हानं.

जामखेडकडं उन्हाला काय तोटा? पावसाचा असेल, पाण्याचा असेल, उन्हाचा कधीच नाही. पण त्या उन्हाला काही किंमत आहे हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. मग सरकारची योजना आली: घराच्या छपरावर सोलर लावा, वीज घरीच तयार करा, काही पैसे सरकार परत देईल. गावात पहिलं सोलर बसवलं काकासाहेबांनी. रिटायर झालेले ग्रामसेवक. कागद बघितला की त्यांना हुरूप येतो. पहिलं शून्याचं बिल आलं तेव्हा ते बिल घेऊन गावभर हिंडले, जसं काही नातू बोर्डात आला.

मग त्यांच्या बायकोनं घरघंटी आणली. वीज फुकट आहे, मग डबा डोक्यावर घेऊन गिरणीत कशाला जायचं? खोटं कसं म्हणायचं? तिचं पाहून दुसरीनं आणली, दुसरीचं पाहून तिसरीनं. वर्षाच्या आत गावात एकोणीस घरघंट्या झाल्या. कपाटासारख्या दिसतात, गुरगुरतात मांजरासारख्या, आणि त्यांच्यापुढं बाकडं नसतं.

इकडं गिरणीचं मीटर धंद्याचं. त्याचा दर घरापेक्षा चढा, आणि वर स्थिर आकार म्हणून एक असतो. मोटर चालवा नाही तर झाकून ठेवा, तो आकार भरायचाच. दीनाबाई त्याला 'गप बसायचं भाडं' म्हणायची. दळणाचा दर वाढवावा तर उरलेल्या बायाही जातील, न वाढवावा तर बिल भरता येत नाही.

"आई, बंद कर ती गिरणी," स्टेला म्हणायची. "मी पैसे पाठवते ना."

पैसे ती पाठवायचीच, लेक गुणाची. पण सकाळी आणि सांजेला त्या बाकड्यावर जी माणसं बसायची, ती काही पुण्याहून पाठवता येत नव्हती. दीनाबाईला गिरणी हवी होती ती तेवढ्यासाठी. हे तिनं लेकीला सांगितलं नाही. असलं काही घसा ताणून सांगता येत नाही, आणि हळू बोलायची तर तिला सवय नव्हती.

मग तिनं ठरवलं, ज्या उन्हानं माणसं नेली त्याच उन्हाला कामाला लावायचं. गिरणीच्या पत्र्यावर काय कमी ऊन पडतं?

जामखेडच्या सोलर एजन्सीची दिपाली नावाची पोरगी स्कूटीवर गावात यायची. पंचविशीची, चटपटीत, हातात दोन मोबाईल. दीनाबाईनं तिला बाकड्यावर बसवलं. त्या दिवशी बाकड्यावर बसलेलं तेवढंच एक माणूस.

"सबसिडी कशी असती, मला नीट सांग."

"आधी तुम्ही पैसे भरायचे मावशी. सोलर बसलं, तपासणी झाली, की सरकार त्यातले काही तुमच्या खात्यावर टाकतं."

"म्हंजी शिडीवर आधी मी चढायचं, अन् मी वर गेल्यावर तुमी खालून धरनार."

दिपाली हसली. "तसंच समजा. पण मावशी, गिरणीला सबसिडी नाही. ती फक्त घराला. आपण तुमच्या घरावर लावू की."

"माझ्या घराचं बिल बघ." दीनाबाईनं आतून कागद आणून दिला.

दिपालीनं तो उलटून-पालटून पाहिला. "एवढंच?"

"एक दिवा, एक पंखा. मानूस बी एकच हाय."

दिपालीनं कागद घडी करून परत दिला. तिचा एक मोबाईल वाजायला लागला, ती उठली. दीनाबाई तिच्यामागं स्कूटीपर्यंत गेली.

"अगं, पन तुमच्यात घर म्हनायचं तरी कशाला?"

"जिथं माणूस राहतं ते घर, मावशी!" हेल्मेट घालता घालता दिपाली म्हणाली आणि गेली.

आता बोलणारी बोलून जाते, ऐकणारी धरून बसते. दीनाबाईनं रात्र घालवली नाही. त्याच दुपारी भागूबाईला हाक मारली. भागूबाई ही तिची पंचेचाळीस वर्षांची मैत्रीण. नवी नवरी म्हणून दीनाबाईनं शांतवनच्या गिरणीत काढलेलं पहिलं दळण भागूबाईचंच होतं. दोघींनी मिळून घरातली खाट उचलली आणि गिरणीत नेऊन टाकली. मग शेगडी, पाण्याचा माठ, कपड्यांची पेटी, बायबल, आणि शांतवनचा फोटो.

"काय गं दीने, घराशी भांडलीस का?" भागूबाईनं कमरेवर हात ठेवून विचारलं.

"भांडायला बी दुसरं मानूस लागतं. मी ऱ्हायला चाललेय हितं."

"पिठात?"

"मानूस ऱ्हातं ते घर. घराला सबसिडी हाय. मी ऱ्हायले की झालं गिरनीचं घर."

भागूबाईनं जरा विचार केला. तिलाही त्यात काही खोट दिसेना. "सरकार हुशार असंल," ती म्हणाली, "पन तू बी कमी न्हाईस."

दीनाबाई गिरणीत तेवीस दिवस राहिली. वाकळ झटकली की भाकरीपुरतं पीठ निघायचं. चहात पीठ, केसात पीठ, बायबलच्या पानात पीठ. उंदीर पायावरून जायचे, तिची विचारपूस केल्यासारखे. आणि गंमत बघा, मागच्या घराला तेवीस दिवस कुलूप होतं, पण गावात एकानंही विचारलं नाही की बाई घर सोडून कुठं गेली. कसं विचारतील? दीनाबाई कुणाला हवी असली तर ती गिरणीतच शोधायची, ही गावाची जुनी रीत. घरात ती आहे की नाही हे बघायला कधी कुणी गेलंच नव्हतं. ही गोष्ट तिच्या ध्यानात आली ती चौथ्या-पाचव्या दिवशी, आणि मग ती बराच वेळ उगाच दगड झाडत बसली.

चोविसाव्या दिवशी दिपाली आली. दीनाबाईनं शेगडीवर चहा ठेवला, खाटेवर नवी चादर अंथरली, आणि अशा थाटात उभी राहिली जसं काही मुलगी बघायला पाहुणे आलेत.

"हे बघ. झालं का न्हाई घर?"

दिपालीनं खाट पाहिली, माठ पाहिला, भिंतीवरचा फोटो पाहिला. हसली नाही ती. पोरगी चांगल्या घरची असावी.

"मावशी, घर खाटेवर नाही ठरत. मीटरवर ठरतं. हे मीटर धंद्याचं. तुम्ही इथं जन्मभर राहिलात तरी हे घर व्हायचं नाही."

"अन् तिकडं मी ऱ्हात न्हाई, तरी ते घर?"

"हो. तिथलं मीटर घरगुती आहे."

दीनाबाई खाली बसली. शेगडीवरचा चहा उतू गेला.

"आणि दुसरं म्हणजे," दिपाली खालच्या आवाजात म्हणाली, "दोन्ही मीटर शांतवन भिंगारदिवे यांच्या नावावर आहेत. काहीही करायचं म्हटलं तर त्यांची सही लागेल, नाही तर नाव बदलून घ्यावं लागेल."

"सही आनायला वर जावं लागंल. जायचंच हाय म्हना, पन सबसिडीसाठी न्हाई जायची मी."

सबसिडीशिवाय गिरणीवर सोलर लावायचं म्हणजे पाच-सहा लाखांची गोष्ट. दीनाबाई बँकेतही जाऊन आली. तिथं विचारलं, वय काय? म्हणाली, चौसष्ट. कर्ज सात वर्षांचं असतं, असं त्यांनी सांगितलं. "सात वर्सांची हमी मला देवानं दिली न्हाई," ती म्हणाली, "तुमाला कुठून देऊ?" तिच्या आवाजानं अख्खी बँक वळून बघायला लागली. साहेबानं तिला पाणी दिलं. कर्ज दिलं नाही.

खाट परत घरात गेली. भागूबाईनं एक बाजू धरली, पण या वेळी काही चेष्टा केली नाही.

पंधरा दिवसांनी दिपाली आपणहून आली. आपल्या एका वाक्यानं एक म्हातारी तेवीस दिवस उंदरांत झोपली, हे तिच्या मनाला लागलं असणार. तिनं एक नवाच कागद आणला होता. महिला बचत गटासाठी छोटी सोलर गिरणी. तीन हॉर्सपॉवरची, सरळ उन्हावर चालणारी. तारेची वीज नको, मीटर नको, बिल नको. बॅटरी फार महाग पडते म्हणून तीही नाही. काही पैसे अनुदानाचे, काही बँकेचे, काही गटाचे.

"पण दहा बायका लागतील, मावशी."

"एकटीला न्हाई?"

"एकट्या बाईला नाही."

दीनाबाई बाकड्याकडं बघत राहिली. "बरोबर हाय," ती म्हणाली. "एकटं मानूस कितीशी ज्वारी खातं?"

दहा बाया भागूबाईनं गोळा केल्या. दारोदार फिरली, गुडघे दुखत होते तरी. त्यातल्या सात जणींच्या घरी घरघंटी होती, आणि तरी त्यांनी सह्या केल्या. काकासाहेबांच्या बायकोनं तर विचारलंच, "भागूबाई, माझी घरघंटी चांगली चालती, मी कशाला भरू?"

"तुझ्या त्या कपाटातलं पीठ खाल्लंय मी," भागूबाई म्हणाली. "अळनी लागतं. कुनाची मूठच न्हाई त्यात."

बाईनं सही केली. पटलं म्हणून, की भागूबाई उंबऱ्यावरून हलेना म्हणून, देव जाणे.

अर्ज, ठराव, फोटो, पुन्हा अर्ज. जाऊ द्या, ते सांगत बसलं तर दुसरी गिरणी येईल. आठ महिने लागले. दीनाबाईनं गटाचे पैसे पुरे पडावेत म्हणून जुनी मोटर विकून टाकली. गिरणीची तारेची वीज कायमची बंद करून घेतली. त्या कागदावर सही करता यावी म्हणून आधी नाव बदलून घ्यावं लागलं. दर महिन्याला शांतवनच्या नावानं गिरणीवर एक बिल यायचं, तो गेल्यावरही सहा वर्षं येत होतं. वीज बिलाला उशीर झाला की ती फोटोकडं बघून म्हणायची, "तुमची चिठ्ठी आली न्हाई अजून." गिरणीचं त्याच्या नावाचं शेवटचं बिल तिनं भरलं आणि बायबलात ठेवलं.

नवी गिरणी सुरू झाली त्या दिवशी दारात मंडप होता. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, भागूबाईनं नारळ फोडला, काकासाहेबांनी भाषण केलं. बाकडं भरलं, माणसं उभी राहिली. दीनाबाई सगळ्यांना ओरडून ओरडून पेढे देत होती, आणि तेव्हाच तिच्या ध्यानात आलं की ओरडायची गरज नाही. नवी मोटर हळूच घुमायची. तिच्यापुढं बोललेलं सगळं ऐकू यायचं.

घोळ कळला तो दुसऱ्या दिवसापासून.

ऊन फुकट असलं तरी ते कुणाचं नोकर नाही. सकाळी साडेनऊ-दहापर्यंत गिरणीच्या अंगात जोर भरत नाही, आणि चार वाजले की ती दमायला लागते. ढग आला की मध्येच थांबते. आणि पिंपळदऱ्याच्या बायांना दळणाला वेळ असतो तो रानात जायच्या आधी आणि रानातून आल्यावर. म्हणजे गिरणी चालते तेव्हा माणसं रानात, आणि माणसं मोकळी तेव्हा ऊन मावळलेलं. हे ना सरकारच्या कागदात होतं, ना दिपालीच्या मोबाईलमध्ये. दीनाबाईलाही सुचलं नव्हतं, आणि ती तर पंचेचाळीस वर्षं त्याच दारात बसलेली.

बाया यायच्या, नाही असं नाही. दर कमी होता, बऱ्याच जुन्या परत आल्या. सकाळी आठला डबा बाकड्यावर ठेवायच्या. "दीनाकाकू, ज्वारी हाय, बारीक काढा. सांजच्याला नेते." की चालल्या. भागूबाईसुद्धा. "बसले असते गं, पन खुरपनीला उशीर हुतो." सांजेला अंधार पडता पडता येऊन डबा उचलायच्या, तोवर चुलीची घाई.

गिरणी वाचली. बिल नाही, स्थिर आकार नाही, गप बसायचं भाडं नाही. बचत गटाच्या बाया खूश, बँक खूश, दिपालीनं गिरणीचा फोटो एजन्सीच्या भिंतीवर लावला. आणि बाकड्यावर डबे बसलेले. स्टीलचे, पत्र्याचे, एक-दोन भिंतीच्या रंगाचे रिकामे प्लास्टिकचे, झाकणावर नाव लिहिलेले. मुकाट्यानं रांग धरून.

पहिले काही दिवस दीनाबाई त्यांच्याकडं बघायचीच नाही. दळायची, भरायची, ठेवायची. मग हळूहळू तिनं रांग आपल्या हातानं लावायला घेतली. ज्वारीवर ज्वारी हा कायदा तर होताच. पण कुणाच्या ज्वारीवर कुणाची, हे आता तिच्या हातात होतं. काकासाहेबांचं आणि त्यांच्या शेजारच्या बिभीषणचं बांधावरून तीन वर्षं बोलणं बंद. तिनं त्यांचे डबे शेजारी शेजारी ठेवले. सासूपासून वेगळ्या निघालेल्या सुनेचा डबा सासूच्या मागं. "बोलत न्हाईत तर नका बोलू," ती डब्यांना म्हणायची, "पन मूठभर तर द्याल एकमेकाला." आणि द्यायचे ते. डब्यांना कुठं नाही म्हणता येतं?

स्टेलाचा फोन आला एका दुपारी. "आई, आवाज येत नाहीये तुझा. रेंज नाही का?"

"हाय की. मी हळू बोलतेय."

स्टेलानं मोबाईल कानाला चिकटवला. "बरी आहेस ना तू?"

"मला काय झालंय? गिरन चाललीय."

फोन ठेवला आणि ढग आला. मोटर घुमता घुमता मंदावली, दगड फिरता फिरता थांबला. आत भागूबाईची ज्वारी निम्मी राहिली होती. दीनाबाई दारात आली. स्टँडवर कुत्रंसुद्धा नव्हतं. सगळं गाव रानात. ती घरात गेली, कोपऱ्यातल्या गोणीतून आपल्यापुरती शेरभर ज्वारी काढली, छोट्या डब्यात भरली, आणि तो डबा आणून बाकड्यावर भागूबाईच्या डब्यामागं ठेवला. मग स्वतःही शेजारी टेकली, पदर सावरून, गिऱ्हाइकासारखी.

"माझी बी ज्वारीच हाय," ती म्हणाली. हळू म्हणाली, तरी सगळ्या डब्यांना ऐकू गेलं असतं.

आणि ढग सरून आपला नंबर येईपर्यंत ती तिथंच बसून राहिली.